चला, वाए रेबोला!

फ्लोरेसहून परत आल्यापासून जो भेटेल त्याला मी वाए रेबोबद्दल सांगत सुटले आहे, तरी सांगायची हौस काही फिटत नाही. असं गाव या पृथ्वीवर आहे आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाही, याचंच राहून राहून नवल वाटतं! तुम्हीही ऐकलं नसेल तर उत्तमच, मला अगदी पहिल्यापासून सांगता येईल.

नकाशा काढा. बालीवर बोट ठेवा आणि पूर्वेकडे सरकवत न्या. लोंबोक गेलं, सुंबावा गेलं, जगातल्या सगळ्यात मोठ्या घोरपडींचं कोमोदो गेलं, की आडवं लांबलचक पसरलेलं जे बेट लागतं ते फ्लोरेस. त्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग म्हणजे मांगराई लोकांचा मुलूख. त्या मुलखाच्या दक्षिण अंगाला, समुद्रसपाटीपासून साधारण 1100 मीटरवर, चहूबाजूंनी जंगलाने वेढलेल्या एका खोलगट माळावर सात घरं उभी आहेत. सातही गोल, सातही जमिनीपासून टोकापर्यंत नुसतं छप्पर! बाहेरून भिंत म्हणून दिसतच नाही. कोकणात भात झोडून झाल्यावर पेंढ्याची उडवी रचतात ना, तशी उडवी चारमजली इमारतीएवढी उंच कल्पा आणि तिच्या आत सहा-आठ कुटुंबं नांदताहेत असं समजा. कुठल्याही छायाचित्रात ही घरं खेळण्यातली वाटतात. समोर उभं राहिलं, मान वर केली, की छातीत धस्स होतं.

लाबुआन बाजोहून निघालं की रस्ता जो डोंगरात शिरतो तो वळणं घ्यायचं थांबतच नाही. बहुतेक पर्यटक या बंदरात उतरतात, बोटीने कोमोदोला जातात, समुद्रात डुंबतात आणि परत फिरतात. त्यांना पाठीमागचे डोंगर दिसत असतील की नाही कोण जाणे. बाहेर काय काय चाललेलं असतं! घाटात बांबूची बनं, दरीत भातखाचरं, प्रत्येक वस्तीत एक चर्च, आणि चर्चच्या आवारात पूर्वजांच्या थडग्यांवर ताजी फुलं. मांगराई लोक बहुतांशी कॅथलिक आहेत. देंगे हे वाए रेबोच्या पायथ्याचं गाव. तिथे पोचेपर्यंत रस्ता अरुंद होत होत गाडीच्या रुंदीचा झालेला असतो आणि कडेला ताडपत्र्यांवर लवंगा वाळत घातलेल्या असतात. खिडकीतून तो वास आत आला आणि अंग आंबवून टाकणारा सगळा प्रवास मी विसरले!

पूर्वी देंगेपासूनच चालायला लागायचं. आता गावातली पोरं मोटारसायकलवर मागे बसवून वाए लोंबा नावाच्या ओढ्यापर्यंत सोडतात आणि तिथून पुढे दोन-तीन तासांची चढण उरते. वाट सोपी आहे असं मी म्हणणार नाही. पाऊस पडून गेला असेल तर लाल माती पायाखालून सरकते आणि जळवा मोज्यांत शिरतात. पण जंगल! आमच्या वाटाड्याने एकदम हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि कानामागे हात नेऊन ऐका अशी खूण केली. झाडोऱ्यातून एक शीळ आली, मग तिच्यावर दुसरी, मग मध्येच एक टणत्कार, मग पुन्हा लांबलचक गोड ओढ. इथले लोक या पक्ष्याला न्कियोंग म्हणतात. नराच्या गळ्यावर पिसं नसतात, उघडी लाल कातडी असते. फ्लोरेस आणि शेजारचं सुंबावा सोडलं तर हा पक्षी जगात कुठेही नाही. आम्ही उभे राहून ऐकत होतो आणि तो पठ्ठ्या गातच होता! पोचो रोको नावाच्या डोंगराच्या खांद्यावर झाडं जरा विरळ होतात आणि दूर खाली दक्षिणेचा समुद्र चमकताना दिसतो. तिथून पुढे वाट उतरणीची.

गाव दिसायच्या जरा आधी एक आडोसा आहे. तिथे वाटाड्याने टांगलेला बांबू ठोकला. खाली गावाला कळतं, पाहुणे आले. त्यानंतरचे काही नियम सगळ्यांना पाळावे लागतात आणि ते मला फार आवडले. सगळ्यांत आधी मोठ्या घरात जायचं. तोवर कॅमेरा काढायचा नाही, इकडेतिकडे भटकायचं नाही. मोठं घर म्हणजे म्बारू गेंदांग, ढोलाचं घर. मधल्या खांबाला गावाचे ढोल आणि गाँग टांगलेले असतात. वाकून आत शिरलो. बाहेरच्या लख्ख उजेडातून आल्यावर आत आधी काहीच दिसेना, मग हळूहळू चटया दिसल्या, चटईवर मांडी घालून बसलेले वृद्ध दिसले. डोक्याला नक्षीची टोपी, कमरेला काळं सोंके वस्त्र. वाटाड्याने त्यांच्याशी बोलताना आवाज खाली आणला, दोन्ही हात जोडल्यासारखे पुढे धरले. "बापा," तो म्हणाला, आणि आम्ही कोण, कुठून आलो ते सांगितलं. वृद्धांनी पूर्वजांना उद्देशून मांगराईत काही म्हटलं, संथ, एका सुरात, मध्येमध्ये थांबून. पाहुण्यांचं रक्षण करा, यांना इथून सुखरूप घरी पोचवा, अशी ती विनवणी असते. झाल्यावर वाटाडा माझ्याकडे वळून म्हणाला, "इबू, आता तुम्ही परक्या नाही. बाहेरगावी गेलेली आमची मुलं घरी आली, असं आम्ही मानतो." मला भरून आलं. कुणाचं कोण, कुठल्या देशाची, चिखलाने बरबटलेल्या पायांची बाई, आणि तिच्यासाठी यांनी आपल्या वाडवडिलांना साकडं घातलं!

मग कॉफी आली. तिच्याकडे नंतर वळते, आधी घर.

घराबद्दल मी तासभर बोलू शकेन. या घरांना म्बारू निआंग म्हणतात. आत पाच माळे आहेत, एकावर एक, वर जावं तसे लहान होत जाणारे. सगळ्यात खालचा, जमिनीपासून जरा उचललेला, तो लुतुर. तिथे माणसं राहतात. अर्धं वर्तुळ सगळ्यांचं, बसायउठायचं, पाहुण्यांचं. उरलेल्या अर्ध्यात भिंतीच्या कडेने कुटुंबांच्या खोल्या, आणि मधोमध चुली. त्याच्यावरचा लोबो, धान्य आणि सामानसुमान ठेवायला. तिसरा लेंतार, तिथे पुढच्या पेरणीचं बियाणं. चौथा लेंपा राए. पीक बुडालं, पाऊस आला नाही, तर त्या वेळेला लागणारा साठा इथे. आणि अगदी टोकाशी, जिथे माणूस धड उभाही राहू शकणार नाही, तिथला पाचवा हेकांग कोदे. तिथे पूर्वजांचा नैवेद्य. म्हणजे पहा, एका छपराखाली आजचा दिवस आहे, उद्याची पेरणी आहे, दुष्काळाची तरतूद आहे आणि सगळ्यांच्या वर वाडवडील आहेत. वास्तुशास्त्राची किती पुस्तकं वाचली तरी हे असं सुचेल का?

आणि एकही खिळा नाही! मी खांबाजवळ जाऊन मुद्दाम पाहिलं. लाकडात लाकूड खाचेत बसवलेलं, आणि जिथे दोन काठ्या एकमेकींवरून जातात तिथे वेताची चिरफळी घट्ट आवळलेली. तीन वेढे, मग तिरपा वेढा, मग टोक आत दडपलेलं. बोटाने ओढून पाहिलं, जराही हलेना. छपराला उंच वाढणारं गवत आणि ताडाच्या जातीतल्या एका झाडाचे काळे चिवट तंतू. चुलीचा धूर दिवसभर वर चढतो, पाचही माळ्यांतून झिरपत छपरातून बाहेर पडतो, आणि त्याने लाकूड, वेत, गवत सगळं काळंभोर होऊन मुरतं. त्यामुळे किडा लागत नाही, ओल धरत नाही. सकाळी बाहेरून पाहिलं तर सातही छपरं सगळ्या अंगाने वाफाळत असतात. या घरात धूर कोंडतो असं मला वाटलं होतं. उलट, धुरावरच हे घर जगतं.

मोठ्या घरात आठ कुटुंबं राहतात, बाकीच्यांत सहा-सहा. लोक आपला मूळपुरुष म्हणून एम्पो मारोचं नाव घेतात. तो दूर सुमात्राच्या मिनांगकाबाऊ मुलखातून, समुद्र ओलांडून, ठिकठिकाणी मुक्काम करत इथे आला, अशी परंपरा सांगतात. वाटेत एका उदमांजराने पूर्वजांना मदत केली, म्हणून इथले लोक उदमांजराचं मांस आजही तोंडाला लावत नाहीत. संध्याकाळी चुलीपाशी ही गोष्ट ऐकताना सांगणाऱ्याचा चेहरा मी पाहत होते. जुनी कथा ऐकवतोय असं त्याच्या बोलण्यात कुठेच नव्हतं. आपल्या घरातल्या माणसाचा प्रवास तो सांगत होता.

आता मला जे खरं सांगायचं आहे त्याकडे येते. कारण या घरांचं वय विचारलं तेव्हा मला जे उत्तर मिळालं त्याने मी जागच्या जागी खिळले. यांतली काही घरं नवी आहेत!

अशी गोल घरं एके काळी सगळ्या मांगराई मुलखात होती. डचांच्या अंमलात, एका घरात इतकी माणसं दाटीने राहणं आरोग्याला चांगलं नाही असं सांगून लोकांना वेगवेगळ्या चौकोनी घरांत राहायला लावलं गेलं, पुढेही तोच ओघ चालू राहिला. गावोगावची गोल घरं मोडली. वाए रेबो इतकं आडबाजूला, इतकं वर, की इथे ती टिकली. पण टिकली म्हणजे तरी काय! असं घर बांधायला माणूसबळ लागतं, लाकूड लागतं, विधींचा खर्च असतो. एकेक करून तीही कोसळू लागली. 2008 साली जकार्ताचे वास्तुविशारद योरी आंतार काही तरुण वास्तुविशारदांना घेऊन हा डोंगर चढून आले, तेव्हा सातांपैकी चारच उरली होती. आणि बांधायचं कसं ते माहीत असलेले हात म्हातारे होत चालले होते. अजून एक पिढी गेली असती तर सगळंच संपलं असतं.

बाहेरून आलेल्यांनी ठरवलं असतं तर आराखडा काढून, ठेकेदार लावून, सिमेंटचे पाये घालून 'वारसा' उभा करून दिला असता. तसं झालं नाही, आणि याचं मला केवढं कौतुक वाटतं! पैसा जमवायला शहरातली दानशूर मंडळी पुढे आली. घरं बांधली ती गावाने. जुन्या जाणत्यांनी सांगायचं, तरुणांनी हात चालवायचे, आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी शेजारी बसून मापं घ्यायची, चित्रं काढायची, प्रत्येक टप्पा टिपून ठेवायचा. मधल्या खांबासाठी निवडलेलं झाड म्हणजे मांगराईंच्या लेखी डोंगराची मुलगी. ती सासरी येते आहे असं मानून तिला जंगलातून वाजतगाजत आणतात, गावाच्या वेशीवर तिचं स्वागत करतात, मगच ती घरात उभी राहते. हे सगळं रीतसर झालं. 2011 पर्यंत सातही घरं पुन्हा उभी होती. 2012 साली युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागातल्या वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला आणि 2013 च्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीतही वाए रेबो होतं.

ज्याने हे मला सांगितलं तो आता तिशीत आहे. बांधकाम चालू होतं तेव्हा पोरसवदा होता. त्याच्या वाट्याला वेत सोलायचं काम आलं होतं. कसा सोलायचा ते त्याने चुलीजवळचा एक तुकडा उचलून मला करून दाखवलं: सुरी स्थिर धरायची आणि वेत ओढायचा, सुरी फिरवायची नाही, म्हणजे पट्टी सगळीकडे सारख्या जाडीची निघते. त्याने ओढली ती पट्टी सरळ निघाली, मी ओढली ती मधेच तुटली, आणि आजूबाजूची सगळी पोरं खिदळली. तो म्हणाला, छपराचं गवत बदलायची वेळ आली की आता तोच लहानांना शिकवतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हाच विचार घोळतो आहे. जुनं घर शंभर वर्षं उभं आहे हे थोरच, पण घर पडलं तरी ते पुन्हा जसंच्या तसं उभं करता येतं हे त्याहून कितीतरी थोर! लाकूड कुजतं, गवत सडतं, त्याला इलाज नाही. वाए रेबोने जे राखलं ते लाकूड नव्हे, ती वेताची गाठ राखली. जगभरात आपण दगडविटा जपायला केवढा खर्च करतो, आणि गाठ मारणाऱ्या हातांकडे कुणी वळूनही पाहत नाही. मी हे अगदी मनापासून लिहिते आहे, माझ्या पाहण्यातल्या कुठल्याही किल्ल्याने, कुठल्याही राजवाड्याने मला इतकं हलवलं नव्हतं.

आता कॉफी! गावाभोवतीच्या उतारांवर सगळीकडे कॉफीची झाडं आहेत, अरेबिका आणि रोबस्टा दोन्ही. घरांच्या मधलं अंगण सकाळी उन्हं आली की चटयांनी भरून जातं आणि चटयांवर बिया पसरतात. दुपारी ढग उतरले की सगळं गाव धावत सुटतं, चटया गुंडाळायला! बायका लाकडी उखळात बिया कांडतात, दोघी समोरासमोर, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली, आणि बोलणं चालूच. तोंडात पानसुपारी रंगलेली. मलाही एका आजीने विडा पुढे केला: सुपारीचा तुकडा, चुना, आणि पानाऐवजी त्या वेलीची हिरवी लांबट फळं. मी खाल्ला, ओठ लाल केले, आणि आजी इतक्या खूष झाल्या की त्यांनी माझा हात धरून मला जवळ बसवूनच घेतलं. एक शब्द एकमेकींचा कळत नव्हता आणि आमच्या गप्पा चालल्या होत्या!

अंगणाच्या मध्यावर दगड रचून केलेला गोल चौथरा आहे, चोंपांग. पूर्वजांसाठी आणि जमिनीसाठी इथे विधी होतात. त्याच्यावर चढायचं नसतं. मुलंसुद्धा फुटबॉल खेळताना त्याला बरोबर वळसा घालतात. मात्र गावात मोठी मुलं फारशी दिसत नाहीत. शाळा खाली आहे, त्यामुळे शिकणारी पोरं सत्र चालू असताना खालच्या कोंबो वस्तीत राहतात. तिथे वाए रेबोच्याच लोकांची घरं आहेत, काही माणसं खाली, काही वर, असा संसार चालतो. कॉफीची पोती डोक्यावर घेऊन बायका तीच चढउताराची वाट बाजारासाठी तुडवतात. मी त्या वाटेवर दर वळणाला थांबत होते आणि त्या माझ्या बाजूने गप्पा मारत निघून जात होत्या.

पाहुण्यांची व्यवस्था गावाची स्वतःची संस्था बघते. राहण्याजेवणाचे पैसे ठरलेले आहेत, कुणी घासाघीस करत नाही, मलाही ते योग्य वाटलं. पाहुणे गोल घरातच झोपतात, भिंतीकडे डोकं आणि मध्याकडे पाय करून, गोलात. भात, भाजी, कोंबडी, झणझणीत ठेचा. संध्याकाळी काही वेळ दिवे लागतात आणि मग बंद होतात. फोनला रेंज नाही. त्या रात्री माझ्या एका बाजूला एक जर्मन शिक्षिका होती, दुसऱ्या बाजूला सुरबायाहून आलेलं एक तरुण जोडपं. ते दोघं मला पुन्हा पुन्हा म्हणत होते की आमच्याच देशात हे आहे आणि आम्हीही आत्ता पाहतोय!

या गावाने मला आजूबाजूचा मुलूख बघायला नवे डोळे दिले. रुतेंग हे मांगराईंचं थंड हवेचं शहर, डोंगराच्या कुशीतलं. तिथे चिनी वंशाच्या लोकांनी रुजवलेला कोंपियांग नावाचा तिळाचा पाव कॉफीबरोबर खातात, तो चुकवू नका. रुतेंगच्या पश्चिमेला चांचार गाव आहे. तिथल्या टेकडीवर चढून खाली पाहिलं आणि मी ओरडलेच! खाली भातशेतं होती, पण चौकोनी नाहीत. एका मध्यबिंदूपासून सगळीकडे रेषा फाकलेल्या, आणि त्यांना छेदणारे बांध. पर्यटक यांना कोळ्याच्या जाळ्याची शेतं म्हणतात. मांगराई लोकांच्या भाषेत अशी सामायिक जमीन म्हणजे लिंको आणि तिचा मध्य म्हणजे लोडोक. मध्यावर एक खुंट रोवतात. जमीन वाटणारा मानकरी, तुआ तेनो, तिथे बसतो आणि प्रत्येक कुटुंबाचा वाटा हाताच्या बोटांच्या मापाने ठरवतो. मध्याशी बोटभर रुंदीचा वाटा बाहेर कडेला जाईपर्यंत रुंदावत जातो. कुणाला एक बोट, कुणाला दोन, कुळाच्या मानाप्रमाणे आणि गरजेप्रमाणे. पण सुरुवात सगळ्यांची त्याच खुंटापासून!

मला लगेच वाए रेबोचं छप्पर आठवलं. मधला खांब, त्याच्यापासून फाकलेल्या वाशांच्या रेषा, त्यांना आडवे बांधणारे वेताचे गोल. घर वरून पाहिलं तर शेत दिसेल आणि शेत उभं केलं तर घर! वाटाड्याला हे सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला की हो, ढोलाचं घर आत आणि शेत बाहेर, ही दोन्ही एकमेकांवाचून नसतात असंच आम्ही मानतो. ज्या गावाला ढोलाचं घर आहे त्यालाच लिंको आहे. घर, अंगण, चौथरा, पाण्याचा झरा आणि शेत, ही पाच मिळून गाव होतं. हे लोक नुसते गोल घरात राहत नाहीत, सगळं जगणंच मध्य धरून आखतात.

याच मुलखात, रुतेंगच्या उत्तरेला, लियांग बुआ नावाची चुनखडीची प्रशस्त गुहा आहे. 2003 साली इंडोनेशियन आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांना इथल्या मातीत एका प्रौढ स्त्रीचा सांगाडा सापडला. उंची जेमतेम 106 सेंटिमीटर! मेंदू आपल्या मेंदूच्या एक तृतीयांशाएवढा, आणि तरी आसपास दगडी हत्यारं, बुटक्या हत्तींसारख्या स्टेगोडॉन प्राण्यांची हाडं. 2004 मध्ये जगाला कळलं की माणसाची ही वेगळीच जात होती, होमो फ्लोरेसिएन्सिस. आधी ती हाडं 18,000 वर्षांपूर्वीची वाटली होती, 2016 मध्ये नव्याने तपासल्यावर ती 60,000 वर्षांहून जुनी असल्याचं ठरलं. गुहेच्या तोंडाशी उभी राहून मी छतापासून लोंबणारे चुन्याचे सुळके पाहत होते. आत पोरं धावत होती, एक बाई कडेला भाजी निवडत होती. इतकं मोठं काही जिथे सापडलं ती जागा इतकी साधी, इतकी रोजच्या वापरातली!

आणि चाचि! हा मांगराई पुरुषांचा खेळ म्हणावा, नाच म्हणावा, की लढाई, मला अजून ठरवता येत नाही. दोघे समोरासमोर. एकाच्या हातात कातड्याचा लांब चाबूक, दुसऱ्याच्या हातात म्हशीच्या कातड्याची गोल ढाल. डोक्याला शिंगं असलेला मुखवटा, कमरेला घुंगरं, अंग उघडं. चाबूक कडाडतो, ढाल पुढे येते, बायका ढोल आणि गाँग वाजवत असतात. फटका चुकवता आला नाही आणि अंगावर वळ उठला, तर ज्याला लागलं तो गाणं म्हणतो, हसतो, नाचतो! चेहऱ्यावर फटका बसला की तो हरला. जमिनीवर पडलेलं रक्त पिकाला चांगलं, अशी श्रद्धा आहे. मी पाहिला तो पाहुण्यांसाठी मांडलेला खेळ होता आणि तरी चाबकाच्या पहिल्या आवाजाला मी दचकून शेजारणीचा हात धरला.

खरा चाचि पाहायचा तर पेंतीला जायला हवं. पेंती म्हणजे वाए रेबोचं नवं वर्ष, कृतज्ञतेचा सण, नोव्हेंबरात येतो. बाहेरगावी गेलेली सगळी मंडळी तेव्हा डोंगर चढून घरी येतात. झऱ्यावर विधी, वेशीवर विधी, चौथऱ्यावर विधी, दिवसभर अंगणात चाचि, आणि रात्री ढोलाच्या घरात गाणी. निरोप घेताना आजींनी माझा हात दाबून खुणेने तेच सांगितलं, पेंतीला ये. पाऊस तेव्हा सुरू झालेला असतो, वाट निसरडी असते, जळवांचे दिवस असतात. मी बूट नवे घेतले आहेत, मुंबईहून बाली आणि बालीहून लाबुआन बाजो अशी तिकिटं रोज रात्री बघते आहे, आणि घरच्यांना सांगून ठेवलं आहे की यंदा दिवाळी झाली की मी नाही. बरोबर कुणाला यायचं असेल तर आत्ताच कळवा!